शरीरावर लावलेली पैज

सट्ट्याच्या धंद्याला सर्वांत आधी लागतो तो निकालाचा पक्केपणा. कोणता घोडा पहिला आला, चेंडू सीमेपार गेला की नाही, हे एकदा ठरले की बुकी हिशेब चुकता करतो आणि पुढच्या डावाकडे वळतो. दिव्यांगांच्या स्पर्धांत हा पक्केपणाच निराळ्या जातीचा असतो. २९ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये थाळीफेकीच्या एफ-५२ वर्गात भारताच्या विनोद कुमारने १९.९१ मीटर फेक केली आणि तो तिसरा आला. फेक वैध होती, मोजमापाचा वाद नव्हता, उत्तेजकाचा संशय नव्हता. तरीही पदकप्रदान लांबणीवर पडले, कारण त्याचे अपंगत्व या वर्गात बसते का, यावरच हरकत आली होती. दुसऱ्या दिवशी वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञांनी त्याला अपात्र ठरवले आणि ब्राँझपदक चौथ्या आलेल्या लॅटव्हियाच्या खेळाडूकडे गेले. स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी, तिथेच, आयोजकांनीच त्याला या वर्गात प्रवेश दिला होता. त्या दिवशी कोणी त्याच्या पदकावर पैसे लावले असते, तर ते थाळीवर लागले असते की तज्ज्ञांच्या अहवालावर? दिव्यांगांच्या खेळावरील सट्ट्याचा सगळा प्रश्न या एका प्रश्नात सामावलेला आहे.

तो समजून घ्यायचा तर या खेळाची घडण आधी पाहिली पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीचे रौप्यपदक मिळवले, ते एफ-४६ या वर्गात. ‘एफ’ म्हणजे फेकीचे मैदानी प्रकार आणि ४६ हा हाताच्या अपंगत्वाचा एक वर्ग. धावण्याच्या वर्गांना ‘टी’ हे अक्षर लागते. पोहण्यात एस-१ ते एस-१० हे शारीरिक अपंगत्वाचे, एस-११ ते एस-१३ दृष्टिबाधितांचे आणि एस-१४ बौद्धिक अपंगत्वाचा. म्हणूनच पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २२ खेळांत ५४९ सुवर्णपदके होती आणि एकाच अंतराच्या अनेक अंतिम शर्यती होत होत्या. वर्ग कोणता द्यायचा हे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि खेळातले जाणकार ठरवतात. ते स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, दृष्टी तपासतात आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेत खेळाडूचे निरीक्षण करतात. बऱ्याच खेळाडूंचा वर्ग कायमचा पक्का नसतो, ठरावीक काळाने फेरतपासणी होते. बाकीच्या खेळांत वय, लिंग किंवा वजन पाहून गट पडतात आणि ते काट्यावर किंवा कागदावर पडताळता येते. इथे गट पडतो तो शरीराबद्दलच्या एका तज्ज्ञ मतावर. म्हणून या लेखाचे म्हणणे असे की दिव्यांगांच्या स्पर्धेवरची पैज कौशल्याइतकीच या मतावर लागते, आणि जोवर हे मत गोपनीय आणि बदलते आहे तोवर त्यावर खुला बाजार उभा करणे न्याय्य ठरत नाही.

यावर लगेच घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला जाईल. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हॅंडिकॅप शर्यतीत बलवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात आणि कमजोर घोड्याला सूट देतात. तेही एका जाणकाराचे मतच असते, आणि तरी त्यावर शतकाहून अधिक काळ उघडपणे पैसे लागत आले आहेत. मग माणसांच्या वर्गीकरणाने काय बिघडते? फरक दोन आहेत. घोड्याला किती वजन दिले ते शर्यतीच्या आधी छापून येते. ज्याच्या हातात रेसचे पुस्तक आहे त्या प्रत्येकाला ते सारखेच दिसते, आणि शर्यत संपल्यावर ते वजन ठरवण्यात चूक झाली म्हणून कोणी निकाल फिरवत नाही. खेळाडूचा वर्ग जाहीर होतो, पण ज्या तपासणीवर तो ठरला ती जाहीर होत नाही, आणि होऊही नये. कोणाच्या पाठीच्या कण्याला नेमकी कुठे इजा आहे, कोणाची दृष्टी किती उरली आहे, ही माहिती त्या माणसाची खाजगी आहे. दुसरे असे की शर्यतीतले वजन चुरस वाढवण्यासाठी असते, तर वर्गीकरण अपंगत्वाचा निकालावरचा परिणाम शक्य तितका कमी करण्यासाठी असते. पहिल्याचा जन्मच पैजेच्या सोयीने झाला आहे. दुसऱ्याचा हेतू पैजेशी संबंध नसलेला, न्यायाचा आहे.

खाजगी माहिती आणि खुला सट्टा एकत्र आले की आतल्या माणसाचे फावते. क्रिकेटमध्येही गोलंदाजाच्या दुखऱ्या खांद्याची बातमी ड्रेसिंग रूममधून बाहेर पडते आणि बुकीचे भाव हलतात, हे खरे. पण तिथे दुखापत हा अपवाद असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या खेळाडूचा थकवा, व्हीलचेअरवरच्या खेळाडूला झालेली बसण्याची जखम, हळूहळू मावळत जाणारी दृष्टी, ही या खेळाची रोजची वस्तुस्थिती आहे. ती प्रशिक्षक, मदतनीस, फिजिओ आणि वर्गीकरण करणाऱ्यांना माहीत असते, प्रेक्षकाला नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या पुढे जाऊ शकत नाही. एका खेळाडूचा अर्धा गुण जरी वाढला की प्रशिक्षकाला आपले आवडते पाच जण एकत्र उतरवता येत नाहीत. फेरतपासणीचा निर्णय ज्याला एक दिवस आधी कळला, त्याच्याकडे बाजारातल्या कोणाहीकडे नसलेली माहिती आली. शेअर बाजारात अशा व्यवहाराला गुन्हा मानतात आणि तो पकडायला स्वतंत्र यंत्रणा असते. इथे ती नाही.

दुसरा धोका याहून खोल आहे. निकालनिश्चितीचा गाभा म्हणजे मुद्दाम कमी खेळणे. वर्गीकरणातली मुख्य फसवणूकही तीच आहे : तपासणीत आपली ताकद कमी दाखवायची आणि सोप्या वर्गात शिरायचे. म्हणजे सट्टेबाजाला जी कृती विकत घ्यायची असते, तिचा मोह या खेळात आधीपासूनच आहे. याचा सर्वांत वाईट पुरावा २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये मिळाला. बौद्धिक अपंगत्वाच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने रशियाला हरवून सुवर्णपदक पटकावले. त्या संघात खेळाडू म्हणून वावरलेला कार्लोस रिबागोर्दा हा पत्रकार होता. घरी परतल्यावर त्याने लिहिले की बारांपैकी दहा जणांना कसलेही बौद्धिक अपंगत्व नव्हते. पदक परत घेतले गेले. स्पेनच्या संबंधित महासंघाचा प्रमुख फर्नांडो मार्टिन व्हिसेंते पुढे २०१३ मध्ये न्यायालयात दोषी ठरला. शिक्षा मात्र खऱ्या खेळाडूंनी भोगली. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सर्व स्पर्धा पॅरालिम्पिकमधून काढून टाकल्या गेल्या, अथेन्स आणि बीजिंगला त्यांना जागाच मिळाली नाही आणि २०१२ मध्ये लंडनला ते परतले तेही मोजक्या खेळांत. बास्केटबॉल तर परतलेच नाही. या साऱ्यामागे सट्टा नव्हता. अनुदान आणि प्रायोजकांचा पैसा एवढ्यावरच इतके घडले. त्यावर सट्ट्याच्या पैशाची भर पडली तर काय होईल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

मुद्दाम कमी खेळणे सिद्ध करणे कोणत्याही खेळात अवघड असते. इथे ते जवळजवळ अशक्य होऊन बसते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या धावपटूचे स्नायू थंडीत किंवा ताणाखाली आखडतात. काल जमलेली वेळ आज जमत नाही, आणि त्यात लबाडी काहीच नसते. वाईट दिवस हा अपंगत्वाचाच भाग असेल, तर तो विकलेला दिवस आहे की खरा, हे कोणता तपास अधिकारी सांगणार? त्यातून दोन्हीकडून अन्याय होतो. लबाड सुटतो, आणि प्रामाणिक खेळाडूला ‘तू खरंच आजारी होतास का?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. दिव्यांग माणूस हा प्रश्न दाखल्यासाठी, सवलतीसाठी, पेन्शनसाठी आयुष्यभर ऐकतच असतो. आता तो हरलेल्या पंटरच्या तोंडूनही ऐकावा लागेल. ही भीती काल्पनिक नाही. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी समाजमाध्यमांवरील शिवीगाळीचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना सुमारे ८,००० अपमानकारक संदेश आले आणि त्यांतले ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांचे होते. धडधाकट खेळाडूच्या वाट्याला हे येत असेल, तर ज्याचे शरीरच भावाचा आधार आहे त्याच्या वाट्याला कोणते शब्द येतील, ते इथे लिहायची गरज नाही.

टेनिसचाच आणखी एक धडा इथे लागू पडतो. २०१६ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र समितीने टेनिसमधल्या भ्रष्टाचाराचा अभ्यास करून २०१८ मध्ये अहवाल दिला. तिला आढळले की नावापुरते व्यावसायिक असलेल्या सुमारे १५,००० खेळाडूंपैकी जेमतेम २५० ते ३५० जणांचा खर्च खेळातून भरून निघतो. अशा अवस्थेत महासंघाने २०१२ पासून तळाच्या स्पर्धांचे थेट गुण एका माहिती कंपनीला विकायला सुरुवात केली. रिकाम्या कोर्टवर चाललेला, पाहायला चार माणसे नसलेला सामनाही जगभरच्या सट्ट्याच्या पडद्यावर गेला. ज्या खेळाडूला जिंकून परतीचे भाडेही सुटत नव्हते, त्याला एक सेट हरण्याचे त्याहून कितीतरी जास्त मिळू लागले. तळाच्या स्पर्धांची ही माहिती विकणे बंद करा, अशी शिफारस समितीला करावी लागली. दिव्यांगांचा खेळ आज बहुतांशी याच तळाशी उभा आहे. पॅरिसच्या पदकविजेत्यांना भारत सरकारने सुवर्णासाठी ७५ लाख, रौप्यासाठी ५० लाख आणि ब्राँझसाठी ३० लाख रुपये दिले, ही मोठी आणि स्वागतार्ह गोष्ट. पण चौथ्या आलेल्याचे, राज्यस्तरावर खेळणाऱ्याचे, स्वतःच्या पैशाने रेसिंग व्हीलचेअर घेणाऱ्याचे काय? १९७२ मध्ये हायडेलबर्गला सुवर्ण जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. इतकी दीर्घ उपेक्षा जिथे आहे, तिथे आमिषाला किंमतही फार मोजावी लागत नाही.

आमिष फक्त खेळाडूपर्यंतच थांबेल असेही नाही. पूर्ण अंध धावपटू दोरीने बांधलेल्या साथीदाराबरोबर धावतो. साथीदार आधी रेषा ओलांडून गेला तर दोघेही बाद होतात. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनच्या दृष्टिबाधित एलेना कोंगोस्तने शेवटच्या काही पावलांवर पेटके येऊन कोसळणाऱ्या आपल्या साथीदाराला सावरण्यासाठी क्षणभर दोरी सोडली. मागची धावपटू कितीतरी मिनिटे लांब होती, तरी नियमाने ती बाद ठरली आणि त्या वेळी ब्राँझपदक हातचे गेले. ती कृती माणुसकीची होती आणि कोणी तिच्यावर संशयही घेतला नाही. त्या शर्यतीवर मोठ्या रकमा लागल्या असत्या तर तोच क्षण चौकशीचा विषय झाला असता. एका खेळाडूचा निकाल जितक्या जास्त हातांतून जातो, तितके विकत घेता येण्याजोगे हातही वाढतात.

काही जण म्हणतील की या स्पर्धांवर पैसे लावतो कोण, नसलेल्या रोगावर औषध कशाला? सट्टेबाजाला खेळाची आवड लागते, हा यामागचा समज चुकीचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरची मैदाने बंद पडली, तेव्हा सट्ट्याच्या कंपन्यांनी रशियातल्या अनोळखी टेबल टेनिसपटूंचे सामने आणि बेलारूसची फुटबॉल लीग पटलावर आणली, आणि त्यांवर पैसे लागले. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर गावी शेतमजुरांना संघांचे शर्ट घालून खोटी क्रिकेट लीग खेळवली गेली. तिचे थेट प्रक्षेपण होत होते आणि पैसे लावणारे रशियात बसले होते. पंटरला लागते ते फक्त थेट प्रक्षेपण आणि हलता भाव. दिव्यांगांच्या स्पर्धांचे प्रक्षेपण आता वाढते आहे. २०२५ मध्ये दिल्लीत जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा झाली आणि भारताने २२ पदके मिळवली. प्रेक्षक येतील तसा भावही येईल. नियम त्याआधी हवेत.

सर्वांत वजनदार आक्षेप समतेचा आहे. धडधाकटांच्या खेळावर पैज चालते आणि दिव्यांगांच्या खेळावर चालत नाही, हा भेदभाव झाला. ‘बिचाऱ्यांच्या खेळावर पैसे कसले लावता’ या दयेतूनच ही बंदी येते. ज्या देशांत सट्टा कायदेशीर आहे तिथे एखाद्या कंपनीने पॅरालिम्पिकचे भाव द्यायला नकार दिला, तर तो खेळाला खेळ न मानण्याचा प्रकार आहे. या आक्षेपात खोट नाही, पण तो पुरा नाही. समता सोयीस्करपणे एकाच टोकाला लावता येत नाही. सारखे मानधन, सारखी वैद्यकीय गोपनीयता, सारखी तक्रार-व्यवस्था आणि सारखी तपासयंत्रणा आधी आली, तर सारखा सट्टाही मागता येईल. बाकीचे काही न देता जोखीम तेवढी सारखी वाटणे ही समतेची सर्वांत स्वस्त आवृत्ती आहे. शिवाय इथली हरकत खेळाडू दुबळे असल्याची नाहीच. ती एका विशिष्ट नियमपद्धतीची आहे. उद्या धडधाकटांच्या एखाद्या खेळात गट गोपनीय वैद्यकीय अहवालावर पडू लागले, तर तीच हरकत तिथेही लागू होईल.

पैशाचा युक्तिवादही गंभीरपणे घ्यायला हवा. सट्ट्यावरचा कर खेळाकडे वळवला तर दिव्यांग खेळाडूंची दैना संपेल, असे सांगितले जाते. जुगाराच्या पैशाने दिव्यांगांचा खेळ उभा राहिल्याची उदाहरणे खरोखरच आहेत. ब्रिटनच्या पॅरालिम्पिक यशामागे १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा मोठा हातभार आहे. स्पेनमधली ‘ओन्से’ ही अंधांची संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली. ती लॉटरी चालवते, तिची तिकिटे दिव्यांग विक्रेते विकतात आणि त्या पैशातून रोजगारापासून खेळापर्यंत अनेक कामे चालतात. पण या दोन्ही उदाहरणांतला फरक महत्त्वाचा आहे. लॉटरीचा आकडा कोणत्याही खेळाडूच्या शरीरातून निघत नाही. कोण जिंकले, कोणाचा वर्ग बदलला, कोण आजारी पडले याने तिकिटाचे नशीब बदलत नाही. खेळाला पैसा मिळतो आणि खेळाडूकडे जाऊन हरण्याची किंमत विचारण्याचे कारण कोणालाच उरत नाही. तेव्हा पैसा हवा असेल तर त्याचा मार्ग खेळाच्या निकालावरून जाण्याची गरज नाही.

राहिला बंदीच्या निरर्थकतेचा आक्षेप. बंदी घातली की धंदा भूमिगत होतो, त्यापेक्षा कायदेशीर करा, म्हणजे नजर ठेवता येईल, हे म्हणणे भारतात २०१६ मध्ये लोढा समितीने क्रिकेटबद्दल मांडले आणि २०१८ मध्ये विधी आयोगाच्या २७६ व्या अहवालानेही नियंत्रणाच्या पर्यायाचा विचार केला. मटक्याचा इतिहास पाहिलेल्या महाराष्ट्राला हे पटकन पटते, कारण कायदा होता तरी मटका चाललाच. क्रिकेटपुरते या म्हणण्यात तथ्य असेल. तिथे उलाढाल प्रचंड असते, त्यामुळे नेहमीचा प्रवाह कसा वाहतो ते ठाऊक असते आणि त्यात अचानक उठलेली लाट दिसून येते. एखाद्या एफ-५२ थाळीफेकीवर जगभरातून मोजकेच लोक पैसे लावणार. तिथे नेहमीचा असा प्रवाहच नाही, मग अनैसर्गिक काय ते ठरवायचे कशावरून? देखरेखीचे साधन दाट बाजारासाठी बनलेले आहे, विरळ बाजारात ते आंधळे असते. आणि भूमिगत बुकीही विरळ बाजारात मोठी पैज स्वीकारायला कचरतो, कारण समोरच्याला आतली खबर असेल ही भीती त्यालाही असते. त्यामुळे कायदेशीर कंपन्यांनी माहिती आणि भाव पुरवले नाहीत, तर हा बाजार वाढण्याचे बळच कमी होते.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, आणि असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीलाही आपल्या कक्षेत घेतले. म्हणजे हाताशी चौकट आहे. तिच्यात चार नियम ठळकपणे बसवले पाहिजेत. खेळाडू, धावण्याचे साथीदार, प्रशिक्षक आणि वर्गीकरण करणारे तज्ज्ञ यांना आपल्या स्पर्धांवर पैज लावायला आणि आतली माहिती द्यायला स्पष्ट मनाई असावी. वर्गाचा निर्णय झाला की तो सर्वांना एकाच वेळी जाहीर व्हावा, आधी कोणाच्या कानावर पडू नये. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचे थेट गुण कोणत्याही परदेशी सट्टा कंपनीला पोहोचतील अशा रीतीने विकले जाऊ नयेत. आणि आमिष आल्याची तक्रार करणाऱ्या खेळाडूचे नाव गुप्त राहावे. जिथे सट्टा कायदेशीरच आहे, त्या देशांनी फार तर पॅरालिम्पिकसारख्या सर्वोच्च स्पर्धेतल्या अंतिम विजेत्यावर, लहान मर्यादेत, वर्ग पक्का झालेल्या खेळाडूंपुरती पैज ठेवावी. स्पर्धा सुरू असताना लावायच्या पैजा, खालच्या पातळीच्या स्पर्धा आणि वर्गीकरणावरची कोणतीही पैज त्यांनी वगळावी. दिव्यांग खेळाडूने तपासणीच्या टेबलावर आपले शरीर उघडे केले ते खेळता यावे म्हणून. त्या तपासणीतून भाव काढण्याचा हक्क त्याने कोणालाही दिलेला नाही, आणि कायद्यानेही तो परस्पर देऊ नये.